सव्वा मूठ

योगिताने लॅपटॉप गव्हाच्या सुपापासून लांब, उंबऱ्याजवळ सरकवला आणि पुन्हा हाक मारली. तोंडाने नव्हे, जावा या संगणकाच्या भाषेत लिहिलेल्या एका ओळीने. कोसाडच्या या खोलीतून कामाचं नुसतं नाव घ्यायचं. कडोदऱ्याच्या गोदामातल्या सर्व्हरने कापडाचे ताके मोजायचे आणि उत्तर असं धाडायचं, की काम जणू इथल्या इथेच झालं. ऐकायला किती सोपं. पण सकाळपासून गोदाम ढिम्म होतं.

दुपार सुस्तावली होती. पडदा हलला की भिंतीवरचं ऊनही हलायचं. रातपाळी करून आलेला तिचा बाप चिंधा भिंतीकडे तोंड करून खाटेवर पडला होता. लूमचा खडखडाट दूर कुठेतरी चालू होता आणि झोपेत त्याची बोटं त्या तालावर हलत होती.

तिची आई धुरपदाबाई कानबाईच्या वर्षसणाला देवीपुढे ठेवायच्या रोटासाठी गहू काढत होती. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाची सव्वा मूठ. चिंधाची निघाली. चेतनचं नाव ओठांवर आलं आणि हात सुपातच राहिला. परजातीत लग्न करून लेक घराबाहेर पडला, त्याला दोन कानबाया होऊन गेल्या. ना फोन, ना निरोप. त्याच्या नावाचे गहू या घरात निघणार नाहीत, असं चिंधाने बजावलं होतं. पण नाव गाळतात ते मेलेल्याचं. जित्या पोराचं कसं गाळायचं?

"काय करी ऱ्हायनी व?" तिने उगीच लेकीला विचारलं.

"हाक मारतेय. उत्तर येत नाही."

"मंग काम व्हयनं नही?"

"तसं नाही, माय. काम झालंही असेल. उत्तर वाटेत हरवलं असेल. इथून कळत नाही."

"मंग काय करानं?"

"पुन्हा हाक मारायची."

धुरपदाबाईने खाटेकडे एकदा पाहिलं आणि मूठ भरली.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. नंबर अनोळखी. चिंधाचे कान लूमने अर्धे नेले होते, म्हणून या घरात फोन कायम स्पीकरवर, मोठ्या आवाजात असायचा.

"आई, एक विचाराचं होतं," पलीकडे कुणी वऱ्हाडी पोरगी होती. "कानबाईच्या रोटाले गहू कसे काढतेत? हे म्हणतेत, आईलेच विचार."

कोण, कुठून, धुरपदाबाईने काही विचारलं नाही. विचारलं आणि फोन ठेवून दिला तर?

"एक गडीनी सव्वा मूठ, बेटा."

"आन् लहान्याची? त्यानं अजून मान बी नाही धरली."

धुरपदाबाईच्या मुठीतले गहू सुपात सांडले.

"आई? आवाज येते का?"

योगिता उठून फोनकडे आली. त्याआधीच खाटेवरून, तोंड भिंतीकडे तसंच ठेवून, चिंधा मोठ्याने म्हणाला,

"त्यानीबी काढानी. सांग तिले."