धर्मशाळेतली सरासरी

त्या संध्याकाळी धर्मशाळेच्या सतरंजीवर आम्ही अकरा जण होतो: वनरक्षक भरतीला आलेल्या सहा मुली आणि लग्नाहून परतणारं पाच जणांचं कुटुंब. सकाळी अकराही जण एकाच उंचीचे होऊन उठणार होते. धर्मशाळेत तसंच होतं. सतरंजी सगळ्यांची असते, म्हणून उंचीही सगळ्यांत सारखी वाटली जाते.

माझी उंची एकशे सत्तेचाळीस सेंटिमीटर. भरतीची अट दीडशेची, आणि मोजमाप दुसऱ्या दिवशी. मी भौतिकशास्त्राची पदवीधर आहे, त्यामुळे मुक्काम नीट पारखून निवडला होता. लॉजमध्ये खोली स्वतंत्र मिळते, पण पलंग रोज माणशी वीतभर उंची ठेवून घेतो. विश्रामगृहात माणूस शिफारशीप्रमाणे वाढतो. माझ्याकडे शिफारस नव्हती. घरगुती मुक्कामात ज्याच्या अंथरुणावर झोपाल, त्याच्याएवढे होता. गावात तसं एकच अंथरूण रिकामं होतं, आणि ते दुसरीतल्या मुलाचं होतं.

मी सगळ्यांना भिंतीशी उभं करून स्टीलच्या टेपने मोजलं. बेरीज सतराशे एकतीस. प्रत्येकी एकशे सत्तावन्न पूर्णांक चार.

"म्हणजे माझे साडेतीन-चार सेंटिमीटर गेले," दीपमाला म्हणाली. ती एकशे एकसष्टची होती. "फुकटात?"

"वरचे आहेत. तुला लागत नाहीत."

"पाहा गं हिला. सायन्सवाली! दुसऱ्याच्या उंचीवर पास होते."

सगळ्या हसल्या. मीही हसले. माझा हिशोब पक्का होता.

दिवे लागायच्या सुमारास धर्मशाळेचे व्यवस्थापक शेषराव दारात आले. त्यांच्यामागे त्यांच्या कमरेला लागेल एवढी एक बाई होती. तिच्या कडेवर तान्हं बाळ.

"ह्या सुगंधाबाई. दवाखान्यासाठी आल्यात," शेषराव म्हणाले. "दोन रात्री लॉजमध्ये काढल्या. आता तिसरी काढण्याएवढी उंची नाही राहिली."

"किती महिन्यांचं हो बाळ?" दीपमालाने विचारलं.

"मी चार वर्षांची आहे," बाळ म्हणालं.

मी दोघींना मोजलं. आई एकशे नऊ, मुलगी साठ. लॉजमध्ये आणखी एक रात्र, म्हणजे मुलगी अडतीसवर. इथे राहिल्या, तर आम्ही तेरा जण एकशे सेहेचाळीसवर. सहाही मुली नापास.

मी आकडा मोठ्याने सांगितला. हसणं थांबलं.

"शेषरावभाऊ, यांना दुसरीकडे पाठवा," दीपमाला म्हणाली. "दोन वर्षं झाली मी पहाटे उठून धावते आहे."

"धर्मशाळा आहे, बाई. आल्या माणसाला इथं नाही म्हणता येत नाही."

आम्ही सरकून बसलो. सतरंजी मात्र तेवढीच राहिली. सुगंधाबाईंनी कोणाकडेच पाहिलं नाही. मुलीला कडेवर सावरून त्यांनी पिशवी पुन्हा उचलली.

"थांबा," मी म्हणाले. "अजून एक माणूस आणला की जमेल. दोनशेचा हवा."

समोरच्या विश्रामगृहात पाणीपुरवठ्याचे ढोमणे साहेब मंत्र्यांच्या चिठ्ठीवर उतरले होते. ते व्हरांड्यात छताखाली मान वाकडी करून उभे होते. त्यांना मान सरळ करता यावी म्हणून मी अंगणात बोलावलं, खुर्ची मागितली आणि तिच्यावर चढून टेप लावला. दोनशे तीन भरले.

"काय करू सांगा," ते म्हणाले. "आलो तेव्हा पाच फूट सहा होतो. आता जीपमध्ये मावत नाही. परवा पोरीचं लग्न आहे. मांडवात शिरू कसा?"

"आमच्या सतरंजीवर झोपा. दीडशेच्या आसपास व्हाल."

"जावयाच्या खांद्याला लागेन मी."

"पण मांडवात शिराल."

त्यांनी जरा विचार केला. मग उशी काखेत मारून माझ्यामागे आले.

सकाळी आम्ही चौदा जण उठून उभे राहिलो. चौदा डोक्यांवर फळी ठेवली असती, तर ती कुठेच कलंडली नसती. ढोमणे साहेबांच्या बाह्या बोटांच्याही खाली लोंबत होत्या.

"किती?" दीपमालाने विचारलं. "आधी आकडा सांग, मग बोलते तुझ्याशी."

स्वतःची उंची स्वतःला अचूक मोजता येत नाही. पण आता कोणालाही मोजलं तरी चालणार होतं. भिंतीच्या सर्वांत जवळ सुगंधाबाईंची मुलगी होती. तिचा झगा छातीपाशी आवळून बसला होता आणि अंगठा तोंडात होता. सुगंधाबाई तिच्यासमोर उभ्या होत्या, नजरेला नजर.

"ताई," त्या मला म्हणाल्या, "ही अजून चारच वर्षांची आहे ना?"

"टाच भिंतीला लाव, बाळ," मी मुलीला सांगितलं.

तिने टाच लावली. मग आईकडे पाहत, कडेवर घे म्हणून दोन्ही हात वर केले.

"हात खाली. सरळ उभी राहा."

तिने हात खाली घेतले. मी तिच्या डोक्यावर पट्टी आडवी धरली आणि टेप जमिनीपर्यंत सोडला. एकशे पन्नास पूर्णांक दोन.