पायांकडचं ठिगळ

"चार हव्यात. तीनच आहेत," असं म्हणत टाकेबाईंनी टोपली चौथ्यांदा जमिनीवर पालथी केली.

भांडारबाबूंनी चष्म्यावरून पाहिलं. "सापडेल हो. चादर आहे, मांजर नाही. कुठं पळून जातेय?"

"पळाली नाही. मीच पाठवली वर. ठिगळ लावून."

"मग झालं तर! एक चादर वाचली म्हणायची."

यावर टाकेबाईंकडे एरवी तीन तरी उत्तरं तयार असत. आज त्या रिकामी टोपली नुसती झटकत राहिल्या, तेव्हा मात्र भांडारबाबूंनी पेन खाली ठेवलं.

इस्पितळाच्या तळघरात, कपडे धुण्याच्या यंत्रांच्या घरघरीला लागून, टाकेबाईंची शिवणखोली होती. सव्वीस वर्षं त्या तिथे बसून फाटक्या चादरी सांधत होत्या. त्यांचं खरं नाव हजेरीपटाला ठाऊक; बाकी सगळ्यांच्या तोंडी टाकेबाई. एवढ्या वर्षांत इस्पितळात साहेब आले नि गेले, नियमांच्या फायली जाड झाल्या, पण टाकेबाईंनी एकच नियम केला होता आणि तोही कुणाला न विचारता. चादर एका टोकाला फाटली असेल तर ठिगळ लावायचं आणि त्याच टोकाच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याचा टाका घालायचा. लाल टाका म्हणजे पायांची बाजू, हे वरच्या आयांना पाठ झालेलं. मधोमध फाटली असेल तर मात्र ठिगळबिगळ काही नाही; ती कापायच्या टोपलीत जाणार आणि तिचे उशीचे अभ्रे होणार. ज्याला कूस बदलता येत नाही त्याच्या पाठीखाली शिवण आली की आधी वळ उठतो, मग कातडी सोलते, आणि मग जी जखम होते ती माणसाला घेऊनच जाते.

"एवढ्याशा भोकापायी अख्खी चादर कापता," भांडारबाबू दर वर्षी कुरकुरत.

"तुम्ही शिवणीवर आठ तास न हलता पडून दाखवा," बाई म्हणत, "मग तुमच्या सगळ्या चादरी वाचवते."

आठ तास पडून राहण्याइतके भांडारबाबू रिकामटेकडे होते, पण न हलता राहणं त्यांना जमण्यातलं नव्हतं. तेव्हा नियम टिकला.

आज सकाळी धुऊन आलेल्या गठ्ठ्यातल्या चार चादरी मध्येच फाटलेल्या होत्या. बाईंनी स्वतःच मोजल्या होत्या. टोपलीत आता तीन. म्हणजे चौथीला सव्वीस वर्षांत पहिल्यांदा मधोमध ठिगळ पडलं होतं, आणि ती गठ्ठ्यातून तिसऱ्या मजल्यावर गेली होती. तिसरा मजला म्हणजे पाठीच्या कण्याचे रुग्ण.

हात शिवत होते तेव्हा डोकं घरी होतं, हे बाईंना पक्कं माहीत होतं. घरी नवरा चार वर्षं अंथरुणावर. धंद्याने रंगारी. अर्धांगाचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. डावा हात आणि जीभ कशीबशी शाबूत. ज्या खोलीत पडला होता तिचं छत त्याने स्वतः रंगवलेलं. "एका कोपऱ्यात हात नीट फिरवला नव्हता," तो म्हणे. "कोण बघतंय म्हटलं. आता रोज मीच बघतोय." चार वर्षांत त्याच्या पाठीवर एक वळ उठला नव्हता. दर दोन तासांनी कूस बदलायची. दिवसा शेजारच्या वहिनी, रात्री गजर लावून बाई. डॉक्टर घरी आले की पाठ उघडून बघत आणि मान हलवत. नातेवाईक म्हणत, "तुमची श्रद्धा मोठी दांडगी, म्हणून देवाने साथ दिली." बाई हसून चहा पुढे करत. श्रद्धेने कूस बदलत नाही, त्याला मनगट लागतं, हे पाहुण्यांना कशाला सांगा?

आतली गोष्ट अशी होती की आठ महिन्यांपूर्वीच बाईंनी देवाला हात जोडणं सोडलं होतं. भांडण नाही, आदळआपट नाही, नुसता अबोला. चार वर्षांत ज्यांनी येऊ नये ते सगळे येऊन गेले, अगदी दूरच्या मावसदिराने येऊन जेवणात मीठ कमी असल्याचं सांगितलं. ज्याने यावं असं वाटत होतं त्याची तेवढी चाहूल लागली नाही. मग बाईंनी मनाशी ठरवलं, ठीक आहे, तुझ्याशिवाय ही पाठ सांभाळून दाखवते.

आणि आज सकाळी पाठीच्या खालच्या हाडावर, बोटाच्या पेराएवढा, लालभडक डाग दिसला होता. रात्री गजर झालाच नव्हता. म्हणजे झाला असणार आणि झोपेत आपणच बंद केला असणार. सहा तास. सहा तास आपण मेल्यासारखे झोपलो आणि तो तसाच पाठीवर पडून राहिला.

"मी वर जाऊन येते," बाई म्हणाल्या.

"लिफ्ट रुग्णांसाठी आहे," भांडारबाबू सवयीने म्हणाले; मग बाईंचा चेहरा बघून पुटपुटले, "जा, जा. कुणी विचारलं तर माझं नाव सांगा."

पण लिफ्ट मधल्याच मजल्यावर अडकून बसलेली. बाई जिन्याने निघाल्या. गुडघ्यांनी पहिल्या मजल्यावर तक्रार केली, दुसऱ्यावर संप पुकारला, तिसऱ्यावर बाईंनी त्यांचं ऐकणंच सोडून दिलं.

वॉर्डाच्या दारात मोठ्या सिस्टर उभ्या होत्या. "टाकेबाई? तुम्ही वर? खाली छतबित कोसळलं की काय?"

"सिस्टर, एका चादरीत माझ्याकडून चूक झालीय. पाठीखाली शिवण आहे. मला सगळे पलंग बघू द्या."

सिस्टरने बावीस वर्षांच्या नोकरीत कुणाच्या तोंडून 'माझ्याकडून चूक झालीय' हे वाक्य क्वचितच ऐकलं होतं. त्या नुसत्या बाजूला झाल्या आणि म्हणाल्या, "डावी रांग तुमची, उजवी माझी."

बाई एकेका अंगाखाली तळहात सरकवत निघाल्या. पाठीला पट्टा बांधलेला एक टॅक्सीवाला म्हणाला, "मावशी, काय शोधताय? पैसे ठेवलेत तर सांगा, मी उठून देतो!" दुसऱ्याला गुदगुल्या झाल्या. एक आजोबा झोपेतच "आलो, आलो" म्हणाले. रांग संपत आली, शिवण लागेना. शेवटच्या पलंगावर एक कृश, दाढी पांढरी झालेला माणूस दोन्ही हात छातीवर ठेवून पडला होता. जमिनीच्या मोजणी खात्यातला. मोजणीसाठी उंच बांधावर चढला, तिथून पडला. छातीखाली काही कळत नव्हतं. वॉर्डात त्याला सगळे मोजणीसाहेब म्हणत.

बाईंचा हात त्याच्या कमरेखाली गेला आणि थांबला. जाडजूड, दुहेरी शिवण. त्यांचीच.

"सापडली ना?" मोजणीसाहेब शांतपणे म्हणाले. "कमरेखाली, थोडी उजवीकडे. मी सकाळीच चाचपून पाहिली. हात चालतात माझे."

"अहो, मग सांगायचं नाही का?" मागून आलेल्या सिस्टर कडाडल्या. "पाठ सोलून घ्यायची होती?"

"दोन तासच झालेत, सिस्टर. कूस बदलायला तुम्ही येणारच होतात, तेव्हा सांगितलं असतं. तोवर म्हटलं, बघू, कुणी येतं का."

"कोण येणार होतं?"

"तेच तर बघायचं होतं."

सिस्टरने कपाळावर हात मारला. दोघींनी मिळून त्यांना कुशीवर वळवलं. कमरेवर शिवणीचा फिकट गुलाबी वळ उमटला होता. सिस्टरने त्यावर बोट दाबलं, उचललं. जागा पांढरी पडली आणि पुन्हा गुलाबी झाली. "रक्त फिरतंय. काही नाही, संध्याकाळपर्यंत जाईल," त्या म्हणाल्या आणि नवी चादर आणायला गेल्या.

बाई त्यांना कुशीवर धरून उभ्या राहिल्या. तळहातांखाली बरगड्या लागत होत्या.

"खाली शिवता त्या तुम्हीच?" भिंतीकडे तोंड करून मोजणीसाहेबांनी विचारलं.

"मीच. आज माझं लक्ष नव्हतं. माफ करा."

"थांबा. आधी माझं ऐका. सात महिने मी इथे आहे. पहिले दोन महिने देवाला शिव्या देण्यात गेले. मग शिव्या संपल्या, तेव्हा मोजायला लागलो. सवय. माझ्या चादरीवरची ठिगळं, शेजारच्याच्या, समोरच्या रांगेतली. दोनशे अकरा झाली. सगळी पायांकडे. पाठीखाली एकही नाही. आधी वाटलं, योगायोग. पण मोजणीदाराला योगायोग दहा-वीस वेळा पटतो हो, दोनशे वेळा नाही. म्हटलं, कुणीतरी आहे. त्याने मला पाहिलेलं नाही, माझं नाव त्याला माहीत नाही, पण माझी पाठ माहीत आहे. त्या दिवसापासून मी शिव्या बंद केल्या. रात्री झोपही लागायला लागली."

बाई घाईने म्हणाल्या, "अहो, देव कसला! पगारी बाई आहे मी. तळघरात बसते. गुडघे दुखतात माझे."

"तुम्ही देव आहात असं मी कुठं म्हटलं?" मोजणीसाहेब हसले, हसणं बाईंच्या तळहातांना आधी कळलं. "टाके तुमचेच. पण तळघरात बसलेल्या बाईच्या मनात माझी पाठ कुणी घातली, तेवढं सांगा."

हा प्रश्न टाकेबाईंना सव्वीस वर्षांत पडला नव्हता. त्यांनी कुशीवर धरलेली पाठ जरा सावरून घेतली.

"आणि आज?" त्या म्हणाल्या. "आज चुकलं, ते?"

"चुकलं खरं. आणि इतके जिने चढून कुणीतरी धापा टाकत आलं. हे ठिगळ माझ्या मोजणीत कुठं बसवायचं, याचा आता मी आठवडाभर विचार करेन. मला वेळच वेळ आहे."

सिस्टर चादर घेऊन आल्या. बाईंनी ती स्वतः अंथरली, चारदा हात फिरवून.

संध्याकाळी घरी पोचल्या तेव्हा शेजारच्या वहिनी दारातच भेटल्या. "दर दीड तासाला वळवलं हो मी. पाठीवर अजिबात टेकू दिलं नाही. तुम्ही सकाळचं तोंड अजून तसंच घेऊन फिरताय का?"

बाई आत गेल्या. खांद्यावरची पिशवीही न काढता नवऱ्यामागे बसल्या आणि सदरा वर केला. डाग सकाळपेक्षा फिका होता. सकाळी भीतीने सुचलं नव्हतं ते आता केलं. बोट दाबलं, उचललं. पांढरा. मग हळूहळू लाल. बाईंनी तीनदा करून पाहिलं.

"भिंतीचा रंग... बघतेस... की पाठीचा?" नवरा भिंतीकडे बघतच म्हणाला. अर्ध्या जिभेने त्याचं एकेक वाक्य तीन तुकड्यांत येई.

"गप्प बसा हो. माझ्यामुळे झालं हे. गजर बंद करून झोपले मी, मेली कुठली."

नवऱ्याचे ओठ नुसतेच हलू लागले. बोलण्यासाठी तो तोंडात शब्द गोळा करत असला की असं होई, म्हणून बाई थांबल्या.

"तू नाही," तो म्हणाला. "मी."

"काय मी?"

"गजर... मी बंद केला. वाजायच्या आधी." त्याचा डावा हात गादीवरून सरकत पलंगाशेजारच्या स्टुलापर्यंत गेला आणि तिथल्या घड्याळाला टेकला. "तू... बसल्या बसल्या... झोपली होतीस. तोंड उघडं. मशीनवर... वाकल्यासारखी." तो दमला. श्वास घेतला. "चार वर्षांत... मी तुला... दुसरं काय देणार?"

बाईंनी त्याचा हात घड्याळावरून बाजूला केला.

"सहा तास!" त्या ओरडल्या. "सहा तास पाठीवर? दुखलं नाही तुम्हाला?"

"दुखलं की," तो म्हणाला. "पण तू... घोरत होतीस. छान वाटलं."

"मी घोरत नाही."

"वहिनींना विचार. भिंत... पातळ आहे."

बाईंनी घड्याळ उचललं आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीत, त्याचा हात पोचणार नाही असं ठेवलं. पुन्हा असलं काही केलंत तर मोजणीसाहेबांच्या शेजारी पलंग टाकून देईन, अशी धमकी दिली. मोजणीसाहेब कोण, हे त्याने विचारलं. सांगते म्हणाल्या, पण सांगायला समोर गेल्या नाहीत. तो भिंतीकडे तोंड करून होता आणि त्या त्याच्या पाठीमागे बसल्या होत्या.

सदरा अजून वर होता. रुंद, चार वर्षांत पांढुरकी पडलेली रंगाऱ्याची पाठ, आणि खाली तो एक डाग. आठ महिन्यांनी टाकेबाईंनी हात जोडले, त्या पाठीसमोरच, त्याला कळू न देता.

मग सदरा खाली केला आणि उशी सारखी केली.