धारेवरची पाठटोपली

चुलीच्या धुराने काळी पडलेली, आढ्याला टांगलेली ही जुनी पाठटोपली म्हणजे मी. मित्रांनो, माझ्याकडे पाहून तुम्हाला वाटेल, हिचा आता काय उपयोग? खरे सांगायचे तर मलाही तसेच वाटते. फार वाहिले. आता वेतात जीव उरला नाही.

माझा जन्म बोर्नियोतल्या दुसून लोकांच्या एका वाडीत झाला. लुन्सायच्या वडिलांनी रानातून वेत आणला, ओढ्यात भिजवला आणि लेकीला अंगणात पाठमोरी उभी करून तिच्या पाठीच्या मापाने मला विणले. सालीचे पट्टे लावले, दोन खांद्यांना, एक कपाळाला.

"नीट बसली का गं?" त्यांनी विचारले.

"रिकामी आहे तोवर तरी बसली," ती हसून म्हणाली.

वाडीमागचा मिंगालू डोंगर फारसा कुणाला ठाऊक नाही. तरी अधूनमधून गिर्यारोहक यायचेच. त्यांचे तंबू, तांदूळ, भांडी माझ्यात भरून लुन्साय निघायची. आधी जळवांचे रान, मग मुळांची चढण, मग शेवाळलेली धार. दोन्हीकडे दरी, आणि एका वेळी एकाच माणसापुरती वाट.

पुढे तिची थोरली नणंद सुंपिंग चालायची. तिनेही ओझेच उचललेले, पण तोंड थांबत नसे.

"लुन्साय, गोगलगाय पुढे गेली बघ तुझ्या."

"जाऊ दे, वन्सं. ती स्वतःचंच घर वाहते. मी तुमचंही वाहते."

शिखरावर लोक माझी वीण बोटांनी चाचपायचे, फोटो काढायचे. मला बरे वाटायचे. पण उतरताना पट्टे तेवढेच काचायचे. लुन्सायच्या खांद्यांना घट्टे पडले. माझे बूड फाटले, बांधले, पुन्हा फाटले. सुंपिंगने बाजारातली नायलॉनची पिशवी घेतली. "ती म्हातारी टोपली चुलीत घाल आता," ती म्हणायची. लुन्साय माझे बूड पुन्हा बांधायला घ्यायची. भांडायलाही दम लागतो.

एका सकाळी, पाऊस पडून गेलेला असताना, धारेवर सुंपिंगचा पाय मुळात अडकला. दरीत गेली नाही, पण नडगीचे हाड मोडले. गिर्यारोहकांनी तंबूच्या काठ्यांची डोली बांधली. धारेच्या पहिल्याच वळणावर ती अडली. दोघांनी धरून पाय ठेवायला जागाच नव्हती. वर धुके दाटत होते आणि सुंपिंग थंडीने कुडकुडत होती.

लुन्सायने मला खाली ठेवले आणि आतले सगळे सामान ओतले. कोयत्याने माझी एक बाजू कापली, पाय बाहेर राहतील एवढी. मला दुखले असे मी म्हणणार नाही. मी दमले होते, आणि ती माझ्याहून जास्त.

"आमच्या सामानाचं काय?" एकाने विचारले.

"तुमच्या पाठी मोकळ्या आहेत ना," ती म्हणाली. त्यांनी ते मुकाट्याने वाटून घेतले.

मोडलेल्या पायाला काठ्या बांधून सुंपिंगला माझ्यात बसवले. लुन्साय गुडघ्यांवर हात रेटून उठली.

"मला इथंच ठेव. वाडीतून माणसं आण," सुंपिंग म्हणाली.

"तोवर गारठून मराल."

"तुझी पाठ जाईल गं."

"हे भात दोनदा वाढून घेताना सुचायला हवं होतं, वन्सं. आता हलू नका."

सुंपिंगचे हुंदके मला कळत होते. मुळांच्या उतारावर माझा कपाळपट्टा तुटला, तेव्हा मागच्या गिर्यारोहकाने माझ्या बुडाला हात लावला तो शेवटपर्यंत काढला नाही. अंधार पडता पडता वाडी आली.

सुंपिंगचा पाय जुळला. ती थोडी लंगडते. लुन्सायची पाठ मात्र गेलीच. दोघींनी डोंगर सोडला. आता पायरीवर बसून रानआल्याचे देठ चिरतात आणि एकमेकींना टोमणे मारतात.

परवा सुंपिंगने वेत आणून माझी कापलेली बाजू विणायला घेतली. लुन्साय म्हणाली, "राहू द्या, वन्सं. विणलीत तर कुणीतरी भरेल."

मित्रांनो, डोंगरावर जरूर जा. फक्त तुमचे ओझे घेऊन पुढे चालणारे माणूस वाटेत टेकले, तर त्याला टेकू द्या. त्याच्या आधी तुम्ही 'चला' म्हणू नका.