मैनाच्या खोलीतलं चित्र

“ताई, पोरगी कुठं गेली माझी? टीव्ही काळा झाला वो!”

मैना टाक्यांवर हात धरून उठायला बघत होती. सासू, नवसाबाई, तिला खांद्याला धरून बसवत होती. दारात उभ्या उज्वलाला लगेच उमगलं, हा प्रताप आपलाच.

उज्वला इंदिरानगरातल्या त्या दवाखान्याचं नेटवर्क सांभाळायची. सगळं नीट चाललं की ती कुणाच्या गावीही नसे, काही अडलं की मात्र “वायरवाल्या मॅडम कुठंयत?” असा पुकारा. खालच्या मजल्यावर काचेच्या पेट्यांत दिवस न भरलेली बाळं, वर खोल्यांत त्यांच्या आया. येवल्याच्या मैनाला तिची पोरगी अजून मांडीवर मिळाली नव्हती, पेटीवरच्या कॅमेऱ्यातून ती टीव्हीवरच दिसायची.

घोळ असा की, कॅमेऱ्याचं चित्र ज्याला हवं त्याला आणि नको त्यालाही जायचं. बिलिंग, लॅब, सगळ्यांचे कॉम्प्युटर त्या ओझ्याने रांगायचे. दवाखान्याचा कारभार बघणाऱ्या रविराज सरांनी सकाळीच बजावलं होतं, “आज जमलं नाही तर कॅमेरा बंद. रिपोर्ट आधी.” त्यांचंही खोटं नव्हतं. सगळ्या वायरी ज्या डब्यात येतात त्या मोठ्या स्विचला उज्वलाने लावून दिलं, मागेल त्याच टीव्हीला चित्र द्यायचं. कॉम्प्युटर पळायला लागले, सर खूश. उज्वलाबाई निवांत चहाला गेल्या आणि इकडे चित्र गेलं!

दारातूनच उज्वला आधी जिन्यावरून खाली धावली. काचेतून बघितलं, मगच वर आली.

“आत्ता बघून आले, मैना. झकास आहे. डावा मोजा काढून फेकलाय तिने. चूक माझी आहे, वायरीतली.”

“डावाच?” मैना रडता रडता हसली. “तिला तो आवडतच नाय.”

नवसाबाई हळूच म्हणाली, “आज पाचवी हाय ताई. सटवाई यायची पोरीचं नशीब लिहायला. पोरीजवळ कुणी जाऊ देईना, म्हनून टीव्हीम्होरं पूजा मांडनार व्हते. येईल ना चित्र?”

“येईल, आजी,” उज्वला म्हणाली खरी, पण कसं, ते तिलाही ठाऊक नव्हतं. सगळं पूर्ववत केलं असतं तर चित्र लगेच आलं असतं, आणि सरांनी कॅमेराच उपटला असता.

स्विचसमोर बसल्यावर तिच्या डोक्यात प्रकाश पडला. मध्ये मध्ये कुणीतरी विचारावं लागतं, “कोण बघतंय?” टीव्ही “मी” म्हणतो, मग चित्र चालू राहतं. ते विचारायचं काम जुन्या राउटरकडे होतं आणि तो गेल्या महिन्यात तिनेच काढला होता. कुणी विचारेना, म्हणून स्विच धरून चालला की कुणी बघतच नाही. “अगं शहाणे,” तिने स्वतःलाच झापलं आणि विचारायचं काम स्विचलाच लावून दिलं.

चित्र आलं. तरी ती मैनाच्या खोलीत स्टुलावर बसून राहिली. मघाशीही ते आधी आलंच होतं आणि मग गेलं होतं की! नवसाबाईने टीव्हीसमोर ताट मांडलं: हळदकुंकू, लिंबू, कोरा कागद. दिवा लावायला मनाई, म्हणून बॅटरीचा.

“पेन हाय का वो?”

उज्वलाने खिशातलं पेन काढून दिलं. मघाशी जेवढ्या वेळाने चित्र गेलं होतं, तेवढा वेळ होऊन गेला. पोरीने जांभई दिली. चित्र गेलं नाही.

“तुमच्या त्या वायरीच्या यंत्राला बी बोट लावते कुंकवाचं.”

“नको आजी, आत गेलं तर परत बंद पडेल!”

“मंग तुमाला.” नवसाबाईने तिच्या कपाळाला बोट टेकवलं. उज्वलाचे डोळे भरून आले. या इमारतीत तिला आजवर असं कुणी काही लावलं नव्हतं.

मग पोरीने बाळसं धरलं. एका दुपारी उज्वला स्विचची नोंद बघत होती. कोण बघतंय, असा सवाल गेला. सगळ्या खोल्यांनी उत्तर दिलं, मैनाच्या खोलीने नाही. थोडा वेळ वाट बघून स्विचने तिकडचं चित्र थांबवलं.

सवयीने उज्वलाचा हात कीबोर्डकडे गेला. मग तिने तो मागे घेतला. मैना सकाळीच पोरीला मांडीवर घेऊन येवल्याच्या एसटीत बसली होती.