थरथरणारा कागद

पहिला कागद थरथरला आणि अख्खा हॉल उठून उभा राहिला. फर्निचरच्या दुकानावरचा भाड्याचा हॉल, मूल होत नाही म्हणून आलेल्या साठ-सत्तर बायका, आणि व्यासपीठावर एका बाईच्या पसरलेल्या बोटांवर साधा कोरा कागद. पंखे बंद, खिडक्या बंद, तरी कागद थरथरतोय.

"पाहा! गर्भशक्ती जागी झाली!" माइक धरलेले पुडीवाले बाबा गरजले. "हिने सात वर्षं डॉक्टरांचे उंबरे झिजवले. माझी पुडी घेतली, दिवस गेले! मशीनला दिसते का ही शक्ती? मशीनला काय कळतंय, कपाळ!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मी खुर्चीत नुसती चुळबुळत होते, कारण दुसरा कागद माझ्या वहिनीच्या हातावर होता आणि तोही थरथरत होता.

मी वंध्यत्व उपचार केंद्रात रक्ततपासणीचं काम करते. वहिनीचे उपचार तिथेच चालू होते. दोन प्रयत्न फसले होते. आता गोठवून ठेवलेला एकच गर्भ उरला होता आणि गुरुवारी तो तिच्या गर्भाशयात सोडायचा होता.

"ताई, महिनाभर बाबांची पुडी घेतेय, डोळ्याला डोळा नाही," जिना उतरताना ती म्हणाली. "छाती धडधडते, पाच किलो वजन उतरलं. बाबा म्हणतात, शक्ती उतरतेय."

"शक्ती कसली, तूच उतरतेयस!"

पेशंटच्या बोटांवर कागद ठेवून कंप पाहताना आमच्या डॉक्टर मॅडमना मी कितीदा तरी पाहिलं होतं. थायरॉइड वाढलं की हात असाच थरथरतो. दुसऱ्या दिवशी वहिनीला ओढतच सेंटरवर नेलं. दोन महिन्यांपूर्वी तिचं थायरॉइड उत्तम होतं. आता ते भलतंच वाढलेलं निघालं. नळ्यांची अदलाबदल झाली असेल म्हणून मी पुन्हा रक्त काढलं. आकडे तेच.

मग तिची पुडी चहाच्या गाळणीत ओतली. पिठीसाखर खाली गेली, वर राहिला गोळीचा तुकडा. त्यावर अर्धवट छापील आकडा! शक्तीवर कंपनी आकडे छापते हे मला नवीनच होतं.

मॅडमनी तुकडा पाहताच ओळखला. "थायरॉइडची गोळी. गोळी वाईट नाही. ज्यांची ग्रंथी मंद असते त्यांना दिवस राहायला हीच लागते, पण रक्त तपासून, मोजून. तू सांगितलेल्या त्या सात वर्षांवालीची ग्रंथी मंदच असणार. बाबाचा दगड नेमका आंब्याला लागला."

"आणि माझी?" वहिनीने विचारलं.

"तुमची चांगली होती. ती यानं बिघडवली. या अवस्थेत गर्भ सोडला तर टिकण्याची शक्यता कमी. गुरुवार रद्द."

वहिनी माझ्यावरच उखडली. "तुम्हाला कुणी सांगितलं होतं नाक खुपसायला?" आणि मग ढसाढसा रडली. मलाही रडू आलं. पण त्या दिवसापासून तिने पुडी घेतली नाही.

पाचव्या आठवड्यात ती पुन्हा त्या हॉलमध्ये उभी राहिली. हात पसरला, कागद ठेवला. कागद ढिम्म हलेना.

"अविश्वासानं शक्ती पळते!" बाबा ओरडले.

"गोळ्या बंद केल्या की पळते," वहिनी म्हणाली आणि पर्समधून चहाची गाळणी काढून त्यांच्यासमोरच्या दहा पुड्या भराभर तिच्यात ओतल्या. तुकडे घेऊन ती रांगेतून फिरली. बाबा मागच्या दाराने कधी सटकले ते कुणी पाहिलंच नाही.

बायांनो, पुडीत काय आहे ते देणाऱ्याला विचारा. सांगत नसेल तर घेऊ नका. आणि मूल हवं असेल तर आधी रक्त तपासा; थायरॉइडला मंत्र कळत नाही, मात्रा कळते.

पहिल्या कागदाची बाई मात्र जागची हलली नव्हती. "मला चौथा लागलाय," ती पुटपुटली. "सकाळीच दोन पुड्या घेतल्या. बाळाला काही होईल का हो?"

"आधी रक्त तपासू," मी म्हणाले. वहिनीने तिचा थरथरता हात धरला आणि आम्ही तिघी सेंटरकडे जवळजवळ धावतच निघालो.