ठराव चार आणि पाच

लग्नपत्रिकेच्या पाठकोऱ्या पुठ्ठ्यावर स्केचपेननं लिहिलेलं ‘सरपंच’, आणि उलटं करून पाहिलं तर मागे सोनेरी अक्षरांत ‘चि. सौ. कां.’ एवढंच — पुढचं नाव कात्रीखाली गेलेलं. सत्यशीला तो तुकडा बोटांत फिरवत होती. त्यात सेफ्टीपिन अडकवायची होती, पण पिन काही केल्या पुठ्ठ्यातून जाईना, एकदा तर बोटातच घुसली. दोन वाजायला अजून अडीच तास होते.

दोनला पंचायत समितीचे विस्तार अधिकारी गावात येणार होते. सकाळी प्रतिज्ञा चालू असताना ग्रामपंचायतीचा शिपाई नागप्पा फाटकाशी येऊन उभा राहिला, पोरांचं संपेपर्यंत टोपी काढून थांबला — तेवढी रीत त्याच्यात आहे — आणि मग हळूच म्हणाला, की एक मेच्या ग्रामसभेची चौकशी लागलीय, सभा झालीच नाही असा ऊसतोडवाल्या सिंधुनं वर अर्ज केलाय, आणि हजेरीत मॅडमची सही आहे म्हणून मॅडमला बोलावलंय. ‘झाली’ एवढं एक म्हणायचं. पुढचं किशनराव बघून घेतील. किशनराव म्हणजे सरपंच सरस्वतीबाईंचे मालक. बाईंनी सही करायची आणि मालकांनी बघून घ्यायचं, असा या गावचा कारभार. मुख्याध्यापक निवृत्ती सरांनीही चहाचा कप पुढं सरकवत समजावलं, की मॅडम, गावात राहून गावाशी वाकडं कशाला घ्यायचं.

गावात राहून! सर, ती आणि बाकीचे तिघं शिक्षक रोज सकाळी लातूरहून एकाच जीपनं येतात, चाकूरला उतरून पोहे खातात, तिथून सात किलोमीटर आत, आणि शाळा सुटली की त्याच जीपनं परत. सर हे बोलले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरची माशीसुद्धा हलली नाही. पण हसायची सोय नव्हती, कारण कागदावर सगळे गावातच राहत होते. शिक्षकानं मुख्यालयी राहायचं, नाहीतर घरभाडं बंद आणि वर नोटीस. आणि राहतो याचा पुरावा म्हणजे ग्रामसभेचा ठराव. एक मेच्या त्या न झालेल्या सभेचा ठराव क्रमांक चार तोच होता — शाळेतील सर्व शिक्षक मुख्यालयी राहतात. साऱ्या गावाला ठाऊक असलेलं खोटं हे खोटं थोडंच असतं, ती नुसती रीत असते... असं ती अकरा वर्षं स्वतःला सांगत आली होती. त्याच्याच खाली, त्याच पानावर, ठराव क्रमांक पाच होता.

“मॅडम, द्या की बिल्ला.”

समोर शिवांगी हात पुढं करून उभी होती. सिंधुची पोरगी. सहावीच्या वर्गानं आज तिला सरपंच केलं होतं, आणि ती आईची साडीपिन खांद्याला लावून आली होती, म्हणजे सेफ्टीपिनची गरजच नव्हती. सत्यशीलानं तिच्याकडं न बघता पुठ्ठा तिच्या हातात दिला. गावच्या कारभाराचा हा धडा ती दरवर्षी फळ्यावर लिहून संपवायची. यंदाच कुठून हौस आली, की वर्गात ग्रामसभा भरवू! ही हौस मागच्या आठवड्यातली, अर्जाच्या आधीची. स्वतःच्या हातानं स्वतःच्या वाटेत काटे पसरावेत ते असे.

ती नियम सांगू लागली. गावातला प्रत्येक मतदार ग्रामसभेचा सभासद. आधी नोटीस, मग दवंडी. मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यात जे कमी असेल तेवढी माणसं हजर हवीत, त्याला कोरम म्हणायचं. कोरम भरला नाही तर सभा तहकूब... तहकूब! माणसाला आपली एखादी दुपार तहकूब करता आली असती तर. मी काय असा डाका घातलाय? सगळे करतात तेच केलं. एक सही. आणि आज साहेबांसमोर ‘सभा झाली नव्हती’ म्हटलं, तर पाचवा ठराव खोडला जाईल तसा चौथाही जाईल, दोघांचं नशीब एकाच सुतळीत बांधलेलं. मग चौकशी माझी. खोटी सही, खोटं राहणं, निलंबन... लातूरच्या घराचे हप्ते, सासूबाईंचं डायलिसिस, कुठं कुठं हात पुरणार? आणि निवृत्ती सरांसकट पाचही जणांची घरं मी बुडवणार ते वेगळंच. दुसऱ्याच्या घराची काळजी वाहण्याआधी माणसानं आपलं बघावं, यात काय चुकलं?

“करा सुरू,” ती पोरांना म्हणाली.

कुणीच काही बोललं नाही. उज्वला ग्रामसेवक झाली होती. ती लांबलचक वही घेऊन उठली आणि बाकाबाकावरून फिरायला लागली. ज्याच्यासमोर वही येईल तो सही करून मोकळा. एकानं तर आज न आलेल्या भावाचीही केली. सरपंच शिवांगी खुर्चीवर गप्प बसून, आणि सगळं इतकं बिनबोभाट, इतकं सवयीचं, की सत्यशीलाचं लक्षच उडालं. तिचे कान बाहेर लागले होते, गाडीचा आवाज येतो का... दोन मिनिटांत वही तिच्या टेबलावर आली.

“झाली मॅडम,” उज्वला म्हणाली.

“काय झाली?”

“ग्रामसभा. समद्यांच्या सह्या झाल्या. तुमचीच ऱ्हायली.”

वहीच्या घडीत पेन होतं. ते तिच्या हातात कधी आलं आणि सही कधी झाली हे तिला कळलंही नाही — ‘स’ची गाठ, खाली रेघ, रेघेवर दोन टिंबं, अगदी खरीखुरी. पोरांनी टाळ्या वाजवल्या. शिवांगी तेवढी वहीवर वाकून पाहत होती. ती म्हणाली, “पन मॅडम, कुनी काही बोललंच न्हाई की.”

सत्यशीलाला वर्गाला काहीतरी उत्तर द्यायला हवं होतं, आणि तिनं ते दिलंही असावं, पोरं पाणी प्यायला पळाली त्यावरून. पण ती स्वतः जूनमधल्या त्या दुपारी जाऊन पोचली होती. नागप्पा रजिस्टर घेऊन शाळेत आला होता. ती दोन महिने स्वतःला सांगत होती, की मी फक्त चौथा ठराव वाचला, मला काय माहीत खाली काय आहे... आणि आता, रिकाम्या वर्गात, तिला लख्ख दिसलं की तिनं पाचवाही वाचला होता. घरकुल यादी, अनुक्रमांक सतरा, सिंधु वैजनाथ, कुटुंब स्थलांतरित असल्याने नाव वगळण्यात येत आहे. वाचून पेन थांबलंही होतं. बाहेर जीपनं हॉर्न दिला, नागप्पा म्हणाला मॅडम गाडी आली — आणि तिनं सही केली होती.

स्थलांतरित! सिंधु आणि तिचा नवरा दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, उन्हाळ्यात परत येतात, राहतात याच गावात, पत्र्याच्या एका खोलीत, जिच्या जागी घरकुल व्हायचं होतं. तीन वर्षांनी तिचा नंबर लागला होता. पोरीला दरवर्षी सोबत न्यायची. ते सत्यशीलानंच बंद केलं. त्या पत्र्याखाली गोणपाटावर बसून तिनं सिंधुला म्हटलं होतं, की पोरगी हुशार आहे, आजीपाशी ठेवा, मी बघते. माझ्या भरवशावर ठेवा, असे शब्द होते. सिंधुनं ठेवली. सबंध हिवाळा सत्यशीला हजेरीपटावर शिवांगीपुढं ‘ह’ लिहीत होती. आणि एक मेला निकाल घ्यायला सिंधु आली होती, कोयत्यानं बोटं चिरलेली. प्रगतिपत्रकावर सही करायला तिला अर्धं मिनिट लागलं, मग स्वतःच्याच अक्षराकडं बघून हसली. तेव्हा शेजारच्या ग्रामपंचायतीला कुलूप होतं. ते कुलूप दोघींनीही पाहिलं होतं.

दोन वाजता ती पंचायतीत गेली तेव्हा साहेब पंख्याखाली रजिस्टर उघडून बसले होते. सरस्वतीबाई डोक्यावरचा पदर सावरत खुर्चीच्या अगदी कडेला, किशनराव खिडकीशी उभे, आणि सिंधु उंबऱ्याच्या आत, भिंतीला टेकून खाली बसलेली. तिला खुर्ची कुणी दिली नव्हती. साहेबांनी तिला विचारलं, सभा झाली नाही म्हणता, याला साक्ष कोण? सिंधुनं हात करून सत्यशीलाकडं दाखवलं. म्हणाली, मॅडमनं त्याच दिवशी माझ्या हातात लेकराचा निकाल दिलाय, त्यांनाच विचारा.

साहेबांनी रजिस्टर फिरवून सिंधुसमोर धरलं. “ही सही यांचीच आहे.”

सिंधु सहीकडं पाहत राहिली. तिला वाचायला वेळ लागतो. पण ही सही तिनं प्रगतिपत्रकावर पाहिली होती, स्वतःच्या सहीच्या शेजारी. आता ही बोलणार, सत्यशीलाच्या मनात आलं, आता ही उठेल आणि सगळं बाहेर काढेल, बोल बाई, एकदाची बोल... सिंधुनं फक्त पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

साहेबांनी पान उलटं-सुलटं करून पाहिलं, चौथा ठराव बोटाखाली धरला आणि वर न बघता विचारलं, “मॅडम, राहायला गावातच ना?”

किशनराव खिडकीतून बाहेर बघत होते, त्यांना उत्तराची काळजी नव्हती. आणि ती तोंड उघडायच्या आत खालून आवाज आला.

“हितंच ऱ्हात्यात की सायेब,” सिंधु म्हणाली. “सहा महिने माझ्या लेकराकडं त्यांनीच बघितलंय. हितं न ऱ्हाता कसं बघतील?”

सत्यशीलानं तिच्याकडं पाहिलं. टोमणा असेल, सौदा असेल — मी तुला सांभाळते, तू मला सांभाळ — असलं काहीतरी त्या चेहऱ्यावर सापडावं म्हणून तिनं जीव तोडून शोधलं. सौदा असता तर किती बरं झालं असतं! पण सिंधुला फक्त मॅडमची नोकरी जाऊ द्यायची नव्हती. स्वतःचं घर गेलेली बाई तिला या गावात घर देत होती, तेही फुकट. साहेबांनी मान डोलावली आणि कागदावर लिहायला सुरुवात केली. सकाळपासून तिला एकच धाकधूक होती, आपण पकडले जाऊ ही. ती कुठं गेली कुणास ठाऊक, आता तिला वाटत होतं की कुणीतरी उठावं आणि हे खोटं आहे म्हणावं, नागप्पानं म्हणावं, किशनरावांनी म्हणावं, सरस्वतीबाईंनी निदान एकदा वर बघावं. कुणी काही म्हणालं नाही. साहेबांचं पेन थांबलं. मग एक मेला सभा झाली होती का, असं विचारून ते तिच्याकडं पाहू लागले, आणि हे खोटं आहे असं म्हणू शकेल असं त्या खोलीत आता एकच माणूस उरलं होतं.