गादीवाली बाई

लग्न होऊन या घरात आले आणि सगळ्यात आधी मी काय केलं असेल, तर सासऱ्यांच्या कॉम्प्युटरवर जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन टाकलं. सासूबाईंना वाटलं, सून गुणाची मिळाली. मी त्यांना तसंच वाटू दिलं.

खरं कारण निराळं होतं. लग्न ठरण्याआधी मी पहिल्यांदा या घरी आले, तेव्हा बाबा, म्हणजे सासरे, कॉम्प्युटरवर बुद्धिबळाचा डाव बघत बसले होते. मधेच एक बाई किंचाळली, "पाठ दुखतेय? कंबर धरलीय? गादी बदला, आयुष्य बदला!" बाबा कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "या बाईला घरात कोण नांदवत असेल?" माझ्या होणाऱ्या नवऱ्याला जोराचा ठसका लागला. कारण ती बाई मीच. जाहिरातींना आवाज देणं हा माझा व्यवसाय आणि ती गादीची कंपनी माझं एकमेव कायमचं गिऱ्हाईक. जाहिरातीत मी दोन पट्ट्या वर चढून बोलते, म्हणून ओळखू येत नाही एवढंच. त्याच संध्याकाळी आम्ही दोघांनी ठरवून टाकलं, की घरच्यांच्या लेखी मी स्टुडिओत 'ऑफिसचं काम' करते.

दुसऱ्या कुणी नावं ठेवली असती तर मी एका कानाने ऐकून दुसऱ्या कानाने सोडून दिलं असतं. पण बाबांची हयात नाटक कंपनीत प्रॉम्प्टर म्हणून गेलेली. विंगेत उभं राहायचं आणि नट अडला की पुढचं वाक्य कुजबुजत पुरवायचं. कुणाचा श्वास कुठे संपणार हे त्यांना त्या नटाच्या आधी कळायचं. अशा माणसाने आपल्याला टाकाऊ ठरवलं की जिव्हारी लागतं. मलाही लागलं होतं.

तर त्या एक्स्टेन्शनने इमानेइतबारे माझं तोंड बंद ठेवलं. आणि एका सकाळी ब्राउझरने स्वतःला अपडेट करून घेतलं नि जाहीर केलं, की असल्या जुन्या एक्स्टेन्शनना यापुढे इथे थारा नाही. दुपारी मी भाजी निवडत होते, तर बाहेरच्या खोलीतून माझाच आवाज आला. हातातली जुडी खाली पडली.

"आली सटवी!" बाबा ओरडले. "सूनबाई, या गादीवालीचा काहीतरी बंदोबस्त कर."

मी पदर खोचून कामाला लागले. पहिल्यांदा त्याच जाहिरात-ब्लॉकरचा हलका अवतार टाकला, नव्या नियमांत बसणारा. त्याने चित्रांच्या जाहिराती झाडून काढल्या आणि बोलणाऱ्या तेवढ्या सोडल्या. मग एक दुसरा ब्राउझर आणला, ज्याच्या पोटातच ब्लॉकर होता. बाबांनी तो दोन मिनिटं बघितला आणि म्हणाले, "माझं सगळं सामान उचलून दुसऱ्याच्या घरात नेऊन ठेवलंस की गं." शेवटी मी राउटरलाच हात घातला, म्हणजे सगळ्या घराच्या जाहिराती दारातच अडतील. त्या दिवशी सासूबाईंचं शब्दकोडं उघडेना आणि नवऱ्याच्या ऑफिसचं पान उघडेना. गादीवाली मात्र ठणठणीत, कारण बुद्धिबळाचे डाव आणि तिची बडबड एकाच ठिकाणाहून येत होती. एकाला सोडून दुसरीला अडवणं राउटरच्या आवाक्यातलं नव्हतं.

या सगळ्या खटपटीत बाबांची टीका माझ्या कानावर पडत होती.

"कंबर धरलीय म्हणताना हसतेय बघ! लोकांची कंबर धरलीय आणि हिला उकळ्या फुटतायत. अगं बाई, आधी दुखू दे, मग वीक!"

मी विळी थांबवून विचार केला. खरं होतं त्यांचं. पुढच्या जाहिरातीत मी कंबर दुखू दिली. रेकॉर्डिस्टने काचेपलीकडून अंगठा वर केला. असं तो कधीच करत नसे.

पुढच्या खेपेला बाबा म्हणाले, "जिना चढून आल्यासारखी धापा टाकतेय. स्वल्पविराम नावाची वस्तू हिने बघितलेली नाही." मी स्वल्पविराम बघायला लागले. रेकॉर्डिस्ट विचारायला लागला, "क्लास लावलायस का कुठे?"

लावला होताच की! फुकटचा, घरबसल्या, वर शिव्यांसकट. मग मला कसली ब्लॉकरची घाई? बाबांनी विचारलं की मी तोंड भरून सांगायची, "शोध चालू आहे, बाबा. चांगला मिळायला वेळ लागतो."

पण बाबाही काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. माझी टंगळमंगळ बघून त्यांनी ऑनलाइन बुद्धिबळातल्या एका भिडूला विचारलं आणि त्याच्या सांगण्यावरून पैसे भरून एक ब्लॉकर घेतला. तो ब्राउझरच्या बाहेर, थेट कॉम्प्युटरमध्ये ठाण मांडून बसणारा होता. त्याने एका दिवसात घर चिडीचूप केलं.

नेमका तेव्हाच स्टुडिओतून फोन आला. गादीच्या कंपनीला वर्षभरासाठी एकच आवाज पक्का करायचा होता. माझ्यासकट तिघीजणी सोमवारी एकच वाक्य बोलून दाखवणार होत्या. हे काम गेलं असतं तर मला खरोखरच स्टुडिओत ऑफिसचं काम मागावं लागलं असतं. आणि माझे मास्तर शेजारच्या खोलीत शांतपणे प्यादी मोजत बसलेले! मला रडू यायचंच बाकी होतं.

रविवारी दुपारी मी शेवटचा उपाय केला. स्वयंपाकघराचं दार किंचित उघडं ठेवलं, ओट्याकडे तोंड केलं आणि सोमवारचं वाक्य बाहेर ऐकू जाईल अशा बेताने म्हटलं, "रात्रभर कूस बदलताय? एकदा गादी बदलून बघा!"

बाहेर खुर्ची करकरली. "हिच्या मायला! ही कुठून शिरली? पैसे भरलेत मी!"

मला टीका हवी होती, तर मिळाली ब्लॉकरला. मी पुन्हा म्हटलं. बाहेर माउसची टकटक सुरू झाली. मी तिसऱ्यांदा म्हटलं, जरा दुःख घालून. बाबांनी एव्हाना तावातावाने राउटरची वायर उपटली होती, हे मला कुठे ठाऊक? नेट बंद, कॉम्प्युटर मुका आणि गादीवाली आपली चालूच.

स्वयंपाकघराचं दार सताड उघडलं. बाबा हातात वायर घेऊन उभे. मी "रात्रभर कूस बदलताय? एकदा..." इथवर आले होते, तिथेच माझी वाचा बसली.

"गादी बदलून बघा," बाबांनी हलकेच पुरवलं. हाडाची सवय ती. मग आपण कुणाला काय पुरवलं हे त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांचा चेहरा पडला. "तू?"

"मीच."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"तुम्ही म्हणाला होतात, या बाईला घरात कोण नांदवत असेल." मला हे ठसक्यात म्हणायचं होतं, पण ते तसं निघालं नाही. बाबा ती वायर बोटांभोवती गुंडाळत राहिले.

"चुकलं माझं, पोरी," ते म्हणाले. "फार चुकलं."

जेवणाच्या टेबलाशी पेपरातलं शब्दकोडं सोडवत बसलेल्या सासूबाईंनी मानही वर केली नाही. "मला पहिल्या महिन्यातच कळलं होतं. कुकरच्या शिट्ट्या मोजताना ती तसंच बोलते."

"मग तू तरी सांगायचंस!"

"का सांगू? तुम्ही एका बाईचं बोलणं कान देऊन ऐकताय, हे मी पहिल्यांदाच बघत होते. म्हटलं, बघू तरी कसे दिसता."

बाबांनी हातातली वायर ओट्यावर ठेवली. मग स्टूल ओढून माझ्यासमोर बसले. "म्हण पुन्हा. 'कूस'वर घाई नको. ज्याला झोप येत नाही त्याला कसली घाई असते?"

मी म्हटलं. त्यांनी मान हलवली, नाही. पुन्हा म्हटलं. "आता विकायला निघालीस. विकू नकोस. शेजारी पडून विचारतेयस असं विचार."

मी डोळे मिटले आणि माझ्या स्वतःच्या आवाजात, एकही पट्टी न चढता, सुरू केलं. तेवढ्यात बाहेरचं दार उघडलं आणि नवऱ्याची हाक आली, "अरे, नेट का बंद आहे घरातलं?"

"गप्प बस रे," बाबा मागे न बघता म्हणाले. "जाहिरात चालू आहे."